तांबं स्वस्त असताना विकलेल्या खाणी: झांबियाच्या कर्जाबद्दल

प्रश्न असा आला आहे: "गरीब देश कर्ज काढतात, त्यांचे पुढारी पैसे खातात, आणि फेडायची वेळ आली की खापर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर आणि परदेशी कंपन्यांवर फोडतात. घेतलेलं कर्ज फेडायला नको का? यात कंपन्यांचा काय दोष?"

विचारणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. मी सनदी लेखापाल. आठ वर्षं झांबियातल्या किटवे शहरात राहून खाण कंपन्यांची आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांची हिशेबतपासणी केली. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते एकाच देशापुरतं आहे. सगळ्या गरीब देशांना एकच औषध लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण झांबियाचं कर्ज आणि झांबियाच्या खाणी हे दोन वेगळे विषय समजून वाचलं तर काहीच कळत नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा जुळवाव्या लागतात.

आधी तुमच्या म्हणण्यातलं खरं ते मान्य करतो. पुढाऱ्यांनी पैसे खाल्ले. फ्रेडरिक चिलुबा 1991 ते 2001 या काळात राष्ट्राध्यक्ष होते. लंडनच्या उच्च न्यायालयाने 2007 मध्ये निकाल दिला की त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी देशाचे सुमारे 4 कोटी 60 लाख डॉलर लुबाडले. 2009 मध्ये राजधानी लुसाकाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, हेही नोंदवायला हवं. नंतरच्या सरकारांनी रस्त्यांची कंत्राटं कशी वाटली, याबद्दल किटवेच्या बाजारात कुणालाही विचारा, तासभर ऐकायला मिळेल. पण 4 कोटी 60 लाखांची चोरी देशाच्या सातशे कोटी डॉलरच्या कर्जाचा खुलासा करत नाही. त्यासाठी तांब्याच्या भावाकडे जावं लागतं.

झांबिया 24 ऑक्टोबर 1964 रोजी स्वतंत्र झाला. निर्यातीत जवळपास सगळं तांबंच होतं. केनेथ काउंडा यांच्या सरकारने 1970 च्या सुमारास खाणींत 51 टक्के हिस्सा घेतला, आणि पुढे 1982 मध्ये सगळ्या मिळून झेडसीसीएम ही एकच सरकारी कंपनी झाली. काही वर्षं बरी गेली. मग 1973 मध्ये तेल महागलं आणि 1974-75 मध्ये तांबं कोसळलं. सरकारने विचार केला की भाव दोन-तीन वर्षांत वर येईल, तोवर उसनं घेऊन भागवू. तसा सल्ला देणारे आणि तसं कर्ज देणारेही भरपूर होते. भाव काही वर आला नाही. त्यात 1979 नंतर अमेरिकेने व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेले, आणि बदलत्या दराची कर्जं घेतलेला प्रत्येक देश रातोरात जास्त देणेकरी झाला. मेक्सिकोने ऑगस्ट 1982 मध्ये हात वर केले ते याच धक्क्याने.

आपल्याकडे हे सगळं एकदा घडून गेलेलं आहे, फक्त तांब्याच्या जागी कापूस होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, कापूस पडला, सरकारने सारा वाढवला, आणि सावकाराने दार ठोठावलं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यांचा रोख पैशापेक्षा कागदावर होता. त्या कागदात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. चार वर्षांनी, 1879 मध्ये, इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, आणि त्यात न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मुळात किती रक्कम दिली, किती फेडली, व्याज कसं चढवलं हे तपासायची मुभा मिळाली. ही मुभा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

झांबियाकडे परत येतो. डिसेंबर 1986. नाणेनिधीच्या कार्यक्रमाप्रमाणे मक्याच्या पिठावरचं अनुदान काढलं गेलं. तिकडे या पिठाला मीली-मील म्हणतात. त्याचा घट्ट गोळा, न्शिमा, हे रोजचं जेवण. आपल्याकडे भाकरी तसं. चांगल्या पिठाची किंमत एका फटक्यात दुपटीच्या वर गेली. किटवे आणि न्डोला पेटले, पंधरा माणसं मेली, आणि काउंडांनी भाववाढ मागे घेतली. मे 1987 मध्ये त्यांनी नाणेनिधीशी फारकत घेतली आणि जाहीर केलं की निर्यातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम कर्जफेडीला देणार नाही. मला हा निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात हप्ता भावाशी बांधलेला होता: कमावलं तर जास्त देऊ, नाही कमावलं तर कमी. पण मदत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि दोनेक वर्षांत झांबिया पुन्हा त्याच दारात उभा राहिला.

मी किटवेला गेलो तेव्हा हे जुनं झालं होतं, पण चिसोकोने बाजारात त्याची खूण दिसायची. पंचवीस किलोची गोणी परवडत नाही म्हणून बायका पीठ प्लास्टिकच्या लहान पिशव्यांत भरून विकायच्या. एका जेवणापुरतं पीठ. त्या पिशवीला तिथे 'पमेला' म्हणतात. किलोमागे ते गोणीपेक्षा महाग पडतं. हातात एकरकमी पैसा नसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट महाग पडते, आणि देशाचंही नेमकं तसंच असतं.

आता खाणींच्या विक्रीकडे. माझ्या दृष्टीने ही सगळ्या गोष्टीची बिजागरी आहे.

1990 च्या दशकात झेडसीसीएम दिवसाला दहा लाख डॉलर तोट्यात आहे असं सांगितलं जायचं. यंत्रं जुनी, नवी गुंतवणूक नाही, आणि कंपनीवर कामाव्यतिरिक्त शेकडो जबाबदाऱ्या: शाळा, दवाखाने, रस्त्यावरचे दिवे, नळ, फुटबॉलचे संघ. खासगीकरण करायचं की नाही यावर तेव्हा दोन मतं असू शकत होती. मी स्वतः हिशेबाचा माणूस आहे, ती कंपनी जशी चालली होती तशी चालू शकली नसती. पण विकायचं कधी आणि कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचा हक्क विकणाऱ्याकडे असायला हवा ना? तो नव्हता. मदत देणाऱ्या देशांनी आणि जागतिक बँक-नाणेनिधीने पुढची रक्कम खाणींच्या विक्रीशी बांधली होती. सरकारने मधे एक चांगला देकार नाकारला, ही त्यांची घोडचूक. त्यानंतर आशियातल्या आर्थिक संकटाने तांबं आणखी पडलं. 1997 ते 2000 या काळात खाणी तुकड्यातुकड्यांनी गेल्या, तेव्हा टनाला भाव पंधराशे ते दोन हजार डॉलर, म्हणजे कित्येक दशकांतला तळ. ज्याला आज संध्याकाळपर्यंत म्हैस विकायचीच आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्याला बाजारात काय भाव मिळतो?

आणि अटी. प्रत्येक खाणीसाठी सरकारने स्वतंत्र करार केला. कायद्यात स्वामित्वधन, म्हणजे काढलेल्या खनिजाच्या किमतीतला सरकारचा वाटा, तीन टक्के होतं. करारांत ते 0.6 टक्के केलं गेलं. आयकर 25 टक्के, यंत्रसामग्रीवर आयातशुल्क नाही, तोटा वर्षानुवर्षं पुढे ओढायची सवलत. शिवाय एक कलम असं की पुढची पंधरा-वीस वर्षं कोणतंही सरकार येवो, या कंपनीचे कर बदलणार नाहीत. याला 'स्थैर्य' म्हणायचे. हे करार बरीच वर्षं संसदेनेही धड पाहिले नव्हते, ते गुप्त होते.

2004 नंतर चीनची मागणी वाढली आणि तांबं उसळलं. मे 2006 मध्ये ते टनाला आठ हजारांच्या वर गेलं. आठ हजारांवर 0.6 टक्के म्हणजे 48 डॉलर. कायद्याप्रमाणे तीन टक्के असते तर 240. टनामागे जो फरक पडला तो देशाच्या हातून त्या तळाच्या दिवशी सहीने गेला होता.

कोंकोला खाण घ्या, ती आपल्याला जवळची आहे. 2000 मध्ये ती अँग्लो अमेरिकनने घेतली, दोन वर्षांत भाव पडलेला पाहून सोडून दिली. 2004 मध्ये अनिल अगरवाल यांच्या वेदांता समूहाने 51 टक्के हिस्सा घेतला, हातात दिलेली रोख रक्कम अडीच कोटी डॉलर, बाकी काही पुढे द्यायची. हेच अगरवाल मुंबईत भंगार धातूच्या व्यापारातून वर आले. यांच्याच स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत येणार होता, तो लोकांच्या विरोधामुळे तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. आणि 2007 मध्ये सेसा गोवाही याच समूहाने घेतली. म्हणजे कोंकोला खाणीच्या चिंगोला शहराजवळचा गावकरी आणि गोव्यातल्या खाणपट्ट्याचा गावकरी एकाच समूहाच्या दाराशी गेलेले आहेत. 2014 मध्ये अगरवाल यांचं बंगळुरूमधलं एक भाषण चित्रफितीतून झांबियात पोहोचलं. त्यात त्यांनी अडीच कोटी डॉलरला मिळालेल्या या खाणीतून दर वर्षी किमान पन्नास कोटी डॉलर मिळत असल्याचं आनंदाने सांगितलं होतं. झांबियात कंपनी तेव्हा अडचणींचं रडगाणं गात होती. नंतर कंपनीकडून खुलासे आले, केलेल्या गुंतवणुकीचे आकडे पुढे केले गेले. खाणीत पैसा ओतला गेला हे खरंही आहे. पण त्या चित्रफितीने चिंगोलात जो संताप उसळला, तो आकड्यापेक्षा त्या आनंदाबद्दल होता.

तिथल्याच अठराशेहून जास्त गावकऱ्यांनी नद्यांत सोडलेल्या सांडपाण्याबद्दल वेदांतावर थेट लंडनमध्ये दावा लावला. एप्रिल 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ कंपनीविरुद्धचा हा खटला इथे चालू शकतो. 2021 च्या सुरुवातीला तडजोड झाली, कंपनीने दोष कबूल केला नाही. न्याय मागायला चिंगोलाहून लंडनला जावं लागतं, आणि तिथे आधी फक्त 'ऐकून घ्याल का' एवढ्यावर काही वर्षं जातात.

भाव वर गेल्यावर सरकारने काहीच केलं नाही असं नाही. लेव्ही म्वानावासा यांच्या सरकारने 2008 मध्ये ते गुप्त करार मोडीत काढले, स्वामित्वधन तीन टक्क्यांवर आणलं आणि भाव ठरावीक मर्यादेपुढे गेला तर जादा कर लावला. त्याच वर्षी म्वानावासा गेले, वर्षअखेरीला जागतिक मंदीने तांबं तीन हजारांच्या खाली आलं, आणि कंपन्यांनी कामगार कपातीचा इशारा दिला. 2009 मध्ये नव्या सरकारने तो जादा कर काढून टाकला. 2011 मध्ये तांबं दहा हजारांना भिडलं तेव्हा तो कर परत आला नाही. तारखा पुन्हा पाहा. देशाने जे सोडलं ते भाव पडलेला असताना सोडलं, आणि भाव चढल्यावर ते परत मिळालं नाही.

माझ्या टेबलावरून गेलेला एक प्रकार सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. तयार तांबं कॅथोडच्या रूपात बाहेर पडतं, जवळजवळ मीटरभर लांब-रुंद जाड पत्रे, गठ्ठे बांधून ट्रकवर चढवलेले. ट्रक दक्षिणेकडे डर्बनला नाहीतर ईशान्येला दार-ए-सलामला जातो, माल पुढे चीनला. मी जे बीजक तपासत होतो ते मात्र युरोपातल्या त्याच समूहाच्या एका व्यापारी कंपनीच्या नावावर होतं. तांबं युरोप कधी पाहणारच नव्हतं. भाव ठरवायचा महिना करारात असा निवडलेला की बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत लागत होती. त्यातून वजावट, विमा, आणि 'व्यवस्थापन सेवा' या नावाखाली मूळ कंपनीला द्यायची रक्कम. झांबियातल्या वहीत तोटा. तोट्यावर कर नाही, आणि तो तोटा पुढच्या वर्षी वजा. मी टिपण लिहिलं, वरिष्ठांनी ते "व्यापारी निर्णयाचा भाग" म्हणून अंतिम अहवालातून काढलं. मी सही दुसऱ्याला करू दिली आणि गप्प राहिलो. त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

अशा व्यवहारावर न्यायालयाचा शिक्का बसायला किती वेळ लागतो ते मोपानीच्या खटल्यात दिसतं. मोपानी ही किटवे आणि मुफुलिराची खाण कंपनी, तेव्हा स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोर समूहाच्या ताब्यात. 2006 ते 2009 या वर्षांत तांबं समूहातल्याच कंपनीला कमी भावाने विकलं म्हणून झांबियाच्या करखात्याने मागणी काढली. सर्वोच्च न्यायालयाचा खात्याच्या बाजूने निकाल आला 2020 मध्ये. रक्कम सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर. माल गेल्यानंतर अकरा ते चौदा वर्षांनी. मधल्या काळात तेवढी तूट भरून काढायला सरकारने काय केलं असेल? कर्ज काढलं.

आता कर्जाची दुसरी वही. 2005 मध्ये झांबियाने जागतिक बँक-नाणेनिधीच्या कर्जमाफी योजनेच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या. त्यासाठी शिक्षकांची भरती वर्षानुवर्षं थांबवली होती. शिकलेले शिक्षक घरी आणि एका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, हे मी पाहिलंय. पुढच्या वर्षभरात सातशे कोटींच्या आसपास असलेलं परदेशी कर्ज पन्नास-साठ कोटींवर आलं. 1 एप्रिल 2006 पासून ग्रामीण दवाखान्यांतली फी रद्द झाली. कर्जमाफीने काय होतं असं कुणी विचारलं की मला ती तारीख आठवते.

पण त्याच सुमारास एक जुना कागद वर आला. 1979 मध्ये रोमेनियाने झांबियाला ट्रॅक्टर आणि शेती अवजारांसाठी सुमारे दीड कोटी डॉलर उधार दिले होते. झांबियाला ते फेडता आले नाहीत, व्याज चढत गेलं. 1999 मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदवलेल्या डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने ते कर्ज रोमेनियाकडून तेहेतीस लाखांच्या आत विकत घेतलं. मग लंडनच्या न्यायालयात मागणी केली साडेपाच कोटींची. 2007 मध्ये न्यायाधीशांनी कंपनीच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, तरी कायद्याप्रमाणे सुमारे दीड कोटी डॉलर द्यायला लावले. दुसऱ्या देशांनी माफ केलेल्या पैशातून हे गेले.

इथे दख्खनचा कायदा आठवतो. लंडनच्या न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाण्याची तशी मुभा नव्हती. आपल्याकडे तर त्याहून जुना दामदुपटीचा नियम आहे: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. अडाणी म्हटल्या गेलेल्या समाजाने सावकाराला घातलेली ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कर्जांच्या करारांत मला कुठे सापडली नाही. ब्रिटनने 2010 मध्ये कायदा करून कर्जमाफी योजनेतल्या देशांकडून अशी वसुली मर्यादित केली, डोनेगलच्या प्रकरणाचा त्यात मोठा वाटा होता. पण तो जुन्या कर्जांपुरता.

नवी कर्जं 2012 पासून सुरू झाली, आणि इथे पुढाऱ्यांचा दोष मी सगळ्यात जास्त मानतो. तांबं तेजीत, पाश्चात्त्य देशांत व्याजदर शून्याजवळ, आणि पैसा कुठे लावावा हे गुंतवणूकदारांना कळत नव्हतं. झांबियाने 75 कोटी डॉलरचे रोखे काढले, व्याज 5.375 टक्के. मागणी कित्येक पटींनी जास्त आली. मग 2014 मध्ये शंभर कोटी, साडेआठ टक्क्यांनी. 2015 मध्ये सव्वाशे कोटी, जवळपास नऊ टक्क्यांनी. व्याज कसं चढत गेलं पाहा, तांबं उतरत होतं म्हणून. शिवाय चीनच्या बँकांकडून रस्ते, विमानतळ, धरणांसाठी कर्जं, ज्यांच्या करारांत गुप्ततेची कलमं होती. 2021 मध्ये नवं सरकार आलं तेव्हा कळलं की चिनी कर्जाचा खरा आकडा आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

डॉलरमधलं कर्ज म्हणजे काय ते एका हप्त्यावर दाखवतो. शंभर कोटींवर साडेआठ टक्के, सहामाही हप्ता 4 कोटी 25 लाख डॉलर. 2014 मध्ये डॉलरला सहा-सात क्वाचा (झांबियाचं चलन) पडत होते. 2020 च्या शेवटी वीसच्या वर. हप्ता तोच, पण करखात्याला त्यासाठी तिप्पट क्वाचा गोळा करायचे. 14 ऑक्टोबर 2020 ला हा 4 कोटी 25 लाखांचा हप्ता चुकला, महिनाभराची सवलत संपली आणि 13 नोव्हेंबरला झांबिया बुडीत ठरला. कोरोनाकाळात असं झालेला आफ्रिकेतला तो पहिला देश.

महाराष्ट्राला हे कलम अपरिचित नाही. दाभोळ वीज प्रकल्पाचा 1993 चा करार आठवा. वीज लागो न लागो, क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या दराशी बांधलेले, आणि वर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल. हा प्रकल्प परवडणारा नाही असं जागतिक बँकेनेच आधी सांगितलं होतं. रुपया घसरला, इंधन महागलं, आणि 2001 मध्ये वीज मंडळाला करारातून बाहेर पडावं लागलं. मंडळ वाचलं कारण मागे मोठा देश होता, न्यायालयं होती, आणि कराराचं कलम न् कलम जाहीरपणे वाचून दाखवणारे कार्यकर्ते आणि वीजतज्ज्ञ होते. झांबियामागे असं कुणी नव्हतं.

बुडीत ठरल्यानंतर सुटका व्हायला जवळपास चार वर्षं लागली. ऑगस्ट 2022 मध्ये नाणेनिधीने 130 कोटींचा कार्यक्रम दिला, जून 2023 मध्ये चीनसह सरकारी सावकारांनी 630 कोटींच्या कर्जाची मुदत वाढवली, आणि खासगी रोखेधारकांशी समझोता पूर्ण झाला जून 2024 मध्ये. त्या समझोत्यातला एक तपशील सांगतो. नव्या दोन रोख्यांपैकी एकाची अट अशी की झांबियाची परिस्थिती अपेक्षेपेक्षा सुधारली तर व्याज वाढेल आणि परतफेड लवकर करावी लागेल. परिस्थिती अपेक्षेपेक्षा बिघडली तर हप्ता कमी होईल, असं कलम त्यात नाही. त्याच वर्षी झांबियात भीषण दुष्काळ होता, मका करपला आणि करिबा धरणात पाणी नसल्याने दिवसाचे बहुतेक तास वीज नव्हती.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: घेतलेलं कर्ज फेडावं, पण हप्ता त्या देशाच्या मालाच्या भावाशी बांधलेला असावा. खाणीचा करार संसदेत मांडल्याशिवाय वैध ठरू नये. आणि न्यायाधीशाला, जिथे कुठे खटला चालेल तिथे, कर्जखताच्या मागे जाता यावं. पुढाऱ्यांची चोरी पकडायलाही याच तीन गोष्टी लागतात, कारण चोरी आणि अन्याय्य अट दोन्ही गुप्त कागदातच लपतात.

किटवेतल्या माझ्या एका सहकाऱ्याचे वडील एन्काना खाणीत सत्तावीस वर्षं होते. वुसाकिले वस्तीतलं खाणीचं घर त्यांना खासगीकरणात देण्यापोटी मिळालं. घर मिळालं, नोकरी गेली, खाणीचा दवाखाना गेला. म्हातारे रोज संध्याकाळी रेडिओवर लंडनच्या बाजारातला तांब्याचा भाव ऐकायचे, आणि आम्ही गेलो की पहिल्यांदा तो सांगायचे, आपल्याकडे पाऊस किती झाला हे सांगावं तसा. ते वारले त्याला आता बरीच वर्षं झाली.

जानेवारी 2021 मध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला. देश बुडीत ठरून दोन महिने झाले होते. ग्लेनकोरने मोपानीतला आपला हिस्सा सरकारी कंपनीला एका डॉलरला विकल्याची बातमी होती, सोबत ग्लेनकोरला फेडायचं दीडशे कोटी डॉलरचं कर्ज. ते फिटेपर्यंत खाणीचं तांबं विकत घेण्याचा हक्क ग्लेनकोरकडेच राहणार होता. तो मला म्हणाला, "बाबा असते तर विचारलं असतं, आज लंडनचा भाव काय?" मी पाहून सांगितला. आठ हजारांच्या आसपास. चार महिन्यांनी, मे मध्ये, तो दहा हजार सातशेच्या वर गेला होता.